फायटरचे बिऱ्हाड

वसईच्या माणसाने मासे पाळावेत ही गोष्ट आमच्या गावात कोणाला फारशी मानवत नाही. जिथे मासा म्हणजे पाचूबंदरच्या होडीतून टोपलीत, टोपलीतून विळीवर आणि विळीवरून कालवणात जायची वस्तू, तिथे एखादा गृहस्थ मासा विकत आणतो, त्याला खाऊ घालतो, त्याच्या लग्नाची खटपट करतो आणि बाळंतपणही उरकतो, हे ऐकून लोक हसतात. मला त्याचा राग येत नाही. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मीही हसलो असतो.

सुरुवात नातवाच्या हट्टापासून झाली. त्याला कुत्रा हवा होता. सौ.ने एका वाक्यात निकाल दिला : "घरात चार पायांचं काही येणार नाही." तेव्हा ज्याला एकही पाय नाही असे काहीतरी शोधणे भाग पडले. २०१७ सालच्या दिवाळीनंतर एका रविवारी मी क्रॉफर्ड मार्केटात गेलो. तिथल्या गल्लीत काचेच्या लहान लहान पेल्यांत एकेक मासा ठेवलेला होता; कोणी शाईसारखा निळा, कोणी कुंकवासारखा लाल, आणि प्रत्येकाचे पर अंगापेक्षा मोठे, जणू लहान मुलाने वडिलांचा अंगरखा घातला आहे. दुकानदाराने दोन पेले शेजारी सरकवले. त्याबरोबर दोघांनीही कल्ल्यांची झाकणे उघडून गळ्याभोवती कॉलर उभारली आणि काचेवर धडका सुरू केल्या. "फायटर आहे, काका," तो म्हणाला. मी निळा घेतला. वाटेत एकट्याला करमायचे नाही म्हणून एक मादीही घेतली. ती वेगळ्या पिशवीत.

पिशव्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवून मी मरीन लाइन्सला विरार गाडी पकडली. गर्दीत हात उंच धरून उभा होतो. शेजारच्या गृहस्थांनी चौकशी केली, "काय आहे त्यात?" "मासा." त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग अगदी सहानुभूतीने म्हणाले, "घरात माणसं किती?"

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरांतले आणि दलदलीतले उथळ, कोमट पाणी हे त्याचे माहेर. तिकडे त्याला 'प्ला कात', म्हणजे चावरा मासा, म्हणतात. त्याच्या झुंजी लावायच्या आणि पैजा मारायच्या ही तिथली जुनी हौस. १८४०च्या सुमारास सयामच्या राजाने आपले काही झुंजार मासे थिओडोर कँटर नावाच्या डेनिश डॉक्टरला दिले. त्याने १८४९ साली त्यांच्यावर लिहिले, पण दिलेले नाव दुसऱ्याच माशाचे निघाले. पुढे १९१० साली चार्ल्स टेट रीगन या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञाने 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे नाव दिले, ते आजवर टिकले आहे. २०१९ साली तर थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले. रानातला बेट्टा मात्र आखूड परांचा आणि मळकट रंगाचा असतो. हा सगळा झगमगाट माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेला. आणखी एक गोष्ट मला फार नंतर कळली, ती इथेच सांगून टाकतो. उघड्या पाण्यात दोन नर भांडले तर ते भांडण लवकर मिटते, कारण हरलेला पळून जातो. बाटलीत त्याला पळायला जागा नसते, म्हणून तिथे भांडण जिवावर बेतते.

त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचे एक इंद्रिय असते. मासा दर थोड्या वेळाने वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो, आणि त्या घड्यांतून ती हवा रक्तात जाते. आपल्याकडच्या मरळालाही अशीच काहीशी सोय आहे. म्हणून तर बाजारात तो घमेल्यातल्या वीतभर पाण्यात तासन्‌तास जिवंत असतो. बेट्टाला वर येऊ दिले नाही तर तो पाण्यातच गुदमरेल. या देणगीमुळेच दुकानदार त्याला पेल्यात कोंबतात आणि 'त्याला एवढंच पाणी लागतं' असे बेधडक सांगतात. तो तेवढ्यात जगतो, हे खरे. पण चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत माणसेही जगतात, म्हणून कोणी ती खोली आवडते म्हणत नाही. मी निळ्याला मोठी काचपेटी दिली. आमच्या विहिरीचे पाणी थोडे मचूळ, ते त्याला मानवेल का अशी धास्ती होती, पण मानवले. नळाचे पाणी घ्यायचे झाल्यास ते रात्रभर बादलीत उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यायचा, ही माझी सवय तेव्हापासूनची.

पाण्यात बदामाची पाने टाकावीत असे कोणीतरी सांगितले. आपल्या किनाऱ्यावरचा तो रुंद पानांचा बदाम. त्याची वाळून लाल झालेली पाने पाण्यात टाकली की पाणी चहासारखे होते आणि त्यातल्या तुरट द्रव्याने बुरशीला थोडा आळा बसतो. सकाळी फिरायला गेलो की मी पाने वेचून खिशात घालू लागलो. सौ.ने काही दिवस हे पाहिले आणि मग सुनेला फोनवर हळूच सांगितले, "तुमचे बाबा हल्ली पाला गोळा करतात."

फेब्रुवारीत थंडी ओसरली तसे मी लग्न मनावर घेतले. घंगाळात चार बोटे उंच पाणी घेतले, त्यावर बदामाचे एक पान तरंगत ठेवले. नर आत सोडला. माळ्यावर आजोबांच्या काळचा कंदील होता, त्याची काच काढून घंगाळात मधोमध उभी केली आणि तिच्यात मादी ठेवली. म्हणजे दोघांनी एकमेकांना पाहावे, पण एकमेकांपर्यंत पोचू नये. ही युक्ती माझी नव्हे, जुन्या पाळणाऱ्यांची आहे. मला मात्र ती आमच्या लहानपणीच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमासारखी वाटली. एका दिवसात मादीच्या अंगावर उभे पट्टे उठले. निळ्याने पानाखाली घर बांधायला घेतले. त्याचे घर म्हणजे बुडबुडे. वर यायचे, हवेचा घोट घ्यायचा, तोंडातल्या चिकट लाळेत घोळवून तिचा बुडबुडा करायचा आणि पानाला चिकटवायचा, असे शेकडो. रात्री उठून टॉर्चने पाहिले तरी गवंडीकाम चालूच.

तिसऱ्या दिवशी काच उचलली. आधी पाठलाग झाला, मादीचे पर थोडे फाटले, मी घाबरलो. दुपारी मात्र ती डोके खाली घालून घराखाली आली. नराने आपले अंग वाकवून तिला पुरती कवेत घेतली. क्षणभर दोघेही निश्चल झाले आणि मग खसखशीसारखे पांढरे दाणे खाली झरू लागले. मादी मेल्यासारखी तरंगत राहिली आणि नर सुटला तो दाण्यांमागे. एकेक दाणा तोंडात उचलून वर नेऊन बुडबुड्यांत खोचत होता. हे दोन-तीन तास चालले. नातू शाळेतून आला तो दप्तर पाठीवर ठेवूनच घंगाळाशी बसला. शेवटी नराने मादीला हुसकावून लावले. तिला मी बाहेर काढले. यापुढचे सगळे बाप करतो, आईला तो जवळही येऊ देत नाही.

आणि मग मी ती चूक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर निळा घरातून अंडी तोंडात घेत होता. एक घेतले, दुसरे घेतले, जबडा हलवला. बाहेर काही येईना. काही बाप अंडी खातात, हे मी वाचले होते. नातू ओरडला, "आजोबा, खातोय तो!" मी चहाची गाळणी घेतली आणि निळ्याला उचलून बरणीत टाकले. त्या वेळी आपण काही मोठे सत्कार्य केले असे मला वाटले होते. बरणीत तो काचेला तोंड लावून घंगाळाच्या दिशेला वर-खाली करीत राहिला. मी त्याला दोन शब्दही सुनावले.

संध्याकाळपर्यंत बुडबुडे विरू लागले. अंडी एकेक करून तळाशी बसली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली. एकही फुटले नाही. पुढे क्रॉफर्ड मार्केटातल्या त्या दुकानदाराला सांगितले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अहो काका, तो साफ करत होता. तोंडात घोळवतो, परत ठेवतो. नवीन बुडबुड्यात ठेवतो." खाणारेही असतात, हे त्याने कबूल केले, पण खातो की राखतो हे ठरवायला निदान एक दिवस पाहायला हवे होते, असे तो म्हणाला. मी अर्धा तासही पाहिले नव्हते. नातवाला काय सांगावे हा प्रश्न होता. आठ वर्षांच्या मुलाला खोटे सांगणे सोपे असते, पण घंगाळाशी तो माझ्याबरोबरच बसला होता. मी म्हणालो, "चूक माझी झाली. तो खात नव्हता." त्याने विचारले, "मग त्याला सॉरी म्हणालात का?" बरणीसमोर उभे राहून मी सॉरी म्हणालो. सौ. स्वयंपाकघरातून पाहत होती. ती त्या वेळी काही बोलली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

एप्रिलच्या मध्याला पुन्हा तेच घंगाळ, तीच कंदिलाची काच, तोच नवरा. या वेळी मी गाळणी सौ.च्या स्वाधीन केली होती. दीड दिवसात अंडी फुटली. पिल्ले म्हणजे शेपटी खाली सोडून पानाला लटकलेले स्वल्पविराम. त्यांतला एखादा निसटून खाली पडे. बाप धावे, तोंडात घेई आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवी. रात्रभर त्याला दुसरा उद्योग नव्हता, आणि मलाही. तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागली, तेव्हा बापाला काढायचे. कारण आता ती दहा दिशांना पांगतात, आणि पांगलेली पिल्ले आणि खाऊ यांतला फरक त्याला उमगेलच असे नाही.

पिल्लांच्या अन्नाची चिंता मोठी. पहिले काही दिवस त्यांना डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात. ते करायला मी एका बाटलीत राजेळी केळ्याची साल पाण्यात कुजवली. वसईत राजेळीची सुकेळी होतात हे सर्वांना ठाऊक आहे. सालीचाही असा उपयोग होतो हे आमच्या घराने वासावरून ओळखले. त्यानंतर आर्टेमिया. याची अंडी भुकटीसारखी कोरडी मिळतात. खडेमिठाच्या पाण्यात टाकून तळाशी नळीने हवा सोडली की साधारण एका दिवसात नारिंगी रंगाचे सूक्ष्म जीव वळवळू लागतात. ते फडक्यातून गाळायचे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि थेंब थेंब पिल्लांना द्यायचे. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा प्रत्येकाचे पोट केशरी दिसू लागले. त्या दिवशी आम्ही सगळे जेवायला उशिरा बसलो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते हवा घेण्याचे इंद्रिय तयार होते. तेव्हा पिल्ले प्रथमच वर येऊन घोट घेऊ लागतात, आणि वरची हवा गार असेल तर त्यांना ती बाधते, म्हणून भांड्यावर झाकण हवे. मी काच ठेवली, तिच्या कडेने जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. बरीच गेली. किती होती ते कोणी मोजले नव्हते. जूनमध्ये एकसष्ट राहिली. त्यांना अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत हलवले.

मग भांडणे सुरू झाली. दहा-अकरा आठवड्यांचे नर एकमेकांना पाहून कॉलर उभारू लागले, की त्यांना वेगळे करावे लागते. प्रत्येकाला स्वतंत्र बरणी. आणि हे नेमके जूनच्या अखेरीस, म्हणजे घरातली प्रत्येक बरणी कैरीच्या लोणच्याने भरलेली असताना! सौ.ने साफ सांगितले, की मुरायला ठेवलेले लोणचे ती कोणत्याही प्राण्यासाठी काढणार नाही. मी भंगारवाल्याकडे गेलो आणि जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या बत्तीस बाटल्या वजनावर घेऊन आलो. ओसरीवर फळ्या टाकून त्या ओळीने मांडल्या, मध्ये पुठ्ठे लावले. माद्या आणि लहानखुरी पिल्ले टाकीतच राहिली.

नातवाचा विचार होता की थोडे आमच्या वाडीमागच्या बावखलात सोडावेत. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीतले खोदलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, वाडीच्या शिंपण्याला पुरते आणि समुद्राचे खारे पाणी विहिरींपासून दूर ठेवायला मदत करते. पूर्वजांची ही मोठी शहाणी सोय. किती बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत, ते स्टेशनकडून चालत येताना दिसते. आमच्या बावखलात मरळ आहे, डासांसाठी सोडलेले गप्पी आहेत. परक्या मुलखातला मासा त्यात सोडायचा नाही, हे मी नातवाला समजावले. त्याला ते पटले नाही, पण त्याने ऐकले.

आता वरच्या मास्तरांबद्दल सांगायला हवे. आमचे घर दुमजली. खाली आम्ही, वर ते. विहीर एक, पंप एक, आणि पंपाच्या विजेचे बिल एक. ते निम्मे-निम्मे वाटावे की माणसे मोजून वाटावे, या प्रश्नावर २०१३ साली आमचे बोलणे बंद झाले. बायका हळदीकुंकवाला जात, वाटीतून काहीबाही वर-खाली होई; पण मी आणि मास्तर जिन्यात समोरासमोर आलो की दोघेही भिंतीकडे पाहायचो. माझी बाजू न्यायाची होती, असे मला अजून वाटते.

२०१८ सालचा जुलै वसईकर विसरणार नाहीत. सात तारखेपासून पाऊस धरून होता. दहाला नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले, गाड्या थांबल्या. मिठागरात माणसे अडकली, त्यांना सोडवायला माणसे पाठवावी लागली. आमच्याकडे वीज गेली ती दोन दिवस आली नाही. पहाटे जाग आली तेव्हा अंगण आणि बावखल यांच्यात फरक उरला नव्हता. टाकी पाण्याखाली होती. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून टाकीत हात फिरवला; हाताला काही लागले नाही. ओसरीच्या पायऱ्या एकेक बुडत होत्या. सौ. धान्याचे डबे पलंगावर चढवत होती, आणि मी एकेक बाटली उचलून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवत होतो, कारण त्याच्या पुढचा जिना मास्तरांचा.

वरून पावले वाजली. मास्तर धोतर खोचून खाली आले, माझ्याकडे न पाहता त्यांनी दोन हातांत दोन बाटल्या घेतल्या आणि वर गेले. परत आले, आणखी दोन नेल्या. सोळा खेपा झाल्या. निळ्याची काचपेटी आम्ही दोघांनी मिळून उचलली. ती एकट्याने उचलण्यासारखी नव्हती.

वरच्या वहिनींच्या ओट्यावर बाटल्यांची रांग लागली. पुठ्ठे खालीच भिजून गेले होते. मेणबत्ती लावली तशा बत्तीसच्या बत्तीस कॉलरी उभ्या राहिल्या आणि काचांवर टकटक सुरू झाली. मास्तर बराच वेळ पाहत उभे राहिले. पाच वर्षांत ते माझ्याशी जे पहिले वाक्य बोलले ते असे : "हे असे फुगतात कशाला?"

"शेजारी दिसला की फुगतात," मी म्हणालो. "मध्ये काही आडवं लावलं की शांत होतात."

त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि उलटून गेलेल्या महिन्यांची पाने फाडून बाटल्यांच्या मध्ये उभी केली. जानेवारी ते जून संपले तेव्हा जुलैलाही हात घातला. वहिनी म्हणाल्या, "अहो, आषाढी एकादशी कधी आहे ते त्याच्यावर आहे." मास्तर म्हणाले, "पाणी ओसरेपर्यंत कोण जातंय पंढरपूरला?"

दोन दिवस आम्ही वर राहिलो. खिचडी आणि नवे लोणचे. वीज नसल्याने बाटल्यांत हवा सोडायचा प्रश्नच नव्हता, आणि या माशांना ती लागतही नाही. दुसरे कुठले मासे असते तर वाचले नसते. मास्तरांना मी ते इंद्रिय समजावून सांगितले. शिक्षक माणूस, त्यांनी तीन प्रश्न विचारले, त्यांतल्या दोहोंची उत्तरे मला आली नाहीत. नातू त्यांच्या मांडीवर झोपला. पंपाच्या बिलाचा विषय कोणी काढला नाही.

पाणी ओसरल्यावर टाकीच्या तळाशी गाळ निघाला आणि बदामाचे एक पान. एकोणतीस पिल्ले गेली. बहुधा बावखलातच गेली असावीत. जे मी मुलाला करू दिले नाही ते पावसाने केले. पुढे कितीतरी सकाळी मी काठाशी उभा राहून पाहत असे. गप्पी दिसत, एकदा मरळाने उसळी मारली. मरळ असलेल्या पाण्यात एवढ्याशा पिल्लांचे काय होते ते उघड आहे. नातू विचारी, "दिसले का?" मी "नाही" म्हणे, तेवढ्यावर आम्ही दोघेही थांबत असू.

बाटल्यांतले बरेचसे ओळखीपाळखीत वाटले, काही क्रॉफर्ड मार्केटातल्या त्याच दुकानात दिले. त्याने जी रक्कम दिली तीत आर्टेमियाची एक पुडीही आली नसती. एक लाल नर मास्तरांनी मागून घेतला. तो त्यांच्या ओट्यावर २०२० सालच्या दिवाळीपर्यंत होता. या माशाला एवढे आयुष्य म्हणजे काही कमी नव्हे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रिकामी, धुतलेली बाटली घेऊन खाली आले. ओसरीवर बसले, चहा घेतला, पंपाच्या बिलाबद्दल आपले म्हणणे पुन्हा एकदा मांडले. मीही माझे मांडले. मग बाटली पुढे करून ते म्हणाले, "त्याच्या नात्यातला एखादा आहे का?"

मी माळ्यावरून कंदिलाची काच काढली.